तिजोरीची किल्ली कोणाकडे?

शाहूपुरीची पेठ राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसविली, हे येथील व्यापारी अभिमानाने सांगतात. त्याच महाराजांनी 1919 मध्ये स्त्रियांच्या छळाला शिक्षा सांगणारा कायदा करवीर संस्थानात केला, याची आठवण मात्र पेढीवर क्वचितच निघते. छळ ही केवळ घरातली बाब नव्हे, हे या नगरीने शंभर वर्षांपूर्वीच मान्य केले आहे.

व्यापारी घरांत छळासाठी नेहमीच हात उगारावा लागतो असे नाही. सुनेचे दागिने 'सुरक्षिततेसाठी' सासरच्या लॉकरमध्ये जातात. फर्म तिच्या नावे असते, परंतु कोऱ्या धनादेशांवर सह्या आधीच घेतलेल्या असतात. 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मारहाणीबरोबर अशा आर्थिक कोंडीलाही हिंसाचार मानले आहे. स्त्रीधनावर पूर्ण मालकी स्त्रीचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. घर सासऱ्यांच्या नावे असले, तरी एकत्र नांदलेल्या घरात राहण्याचा सुनेचा हक्क न्यायालयाने 2020 मध्ये मान्य केला.

पीडितेने जावे कोठे? 181 ही महिला हेल्पलाइन आहे. तातडीच्या प्रसंगी 112. केंद्र सरकारच्या निर्भया निधीतून चालणाऱ्या 'सखी' केंद्रांत वैद्यकीय मदत, समुपदेशन, पोलीस व कायदेविषयक साहाय्य आणि काही दिवसांचा निवारा एकाच छताखाली मिळतो. दीर्घ मुक्कामासाठी 'शक्ती सदन' असून त्याचा खर्च केंद्र व राज्य 60:40 या प्रमाणात उचलतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील देते. संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोटगी, भरपाई, स्त्रीधनाची परतफेड, निवास हे सर्व एकाच अर्जात मागता येते. पतीच्या धनकोला नव्हे, तर ऋणकोला, म्हणजे त्याचे देणे असलेल्या माणसाला, ती रक्कम थेट पत्नीला देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. उधारीवर चालणाऱ्या पेठेने हे कलम ध्यानात ठेवावे.

बँकेतील अनुभवावरून चार सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक विवाहितेचे केवळ स्वतःच्या नावाचे खाते असावे आणि त्याचा मोबाइल क्रमांक तिचाच असावा. दागिन्यांची यादी, पावत्या व छायाचित्रे माहेरीही ठेवावीत. 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीचे लॉकर एकटा माणूस रिकामे करू शकतो, हे विसरू नये. जामीनदार म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचावा. घर सोडले म्हणून कर्जाची जबाबदारी सुटत नाही.

कायदा अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तेवढ्या काळातले घरभाडे, मुलांची फी, न्यायालयात जाण्यायेण्याचा खर्च यांअभावी कित्येकजणी परत त्याच उंबऱ्यात जातात. ही पोकळी समाजाच्या निधीने भरावी. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी आपण जसा निधी उभारतो, तसाच हा. मात्र लाभार्थीचे नाव गुप्त, मदत थेट तिच्या खात्यात आणि समझोत्याची अट नाही.

लग्नावर लाखो रुपये खर्चणाऱ्या माहेराने मुलीला "सांभाळून घे" असे सांगण्यापूर्वी एकदा विचारावे: तिजोरीची किल्ली तुझ्याकडे आहे ना?