पहिल्या कुत्र्यापासून दुसऱ्याकडे

कुत्रा पाळणें म्हणजे त्यास दोन वेळां भाकरी घालणें व दाराशीं बांधून ठेवणें, अशी आमची पूर्वीं समजूत होती. या सुटींत कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं नवें पिलूं येण्याचा संभव आहे. म्हणून मोती नांवाच्या आमच्या पहिल्या कुत्र्याच्या बाबतींत ज्या चुका आमच्या हातून घडल्या, त्या येथें उघडपणें सांगत आहों.

मोतीस घरीं आणिलें तेव्हां तो जेमतेम पांच आठवड्यांचा होता. वस्तुतः पिलूं निदान आठ आठवडे आईजवळ असावें. भावंडांशीं खेळतांना एकानें जोरानें चावा घेतला कीं दुसरें केकाटतें व खेळ मोडतो. दांत किती रोंवावे हा धडा तेथेंच मिळतो. मोतीस तो मिळाला नव्हता. तो चावला कीं आम्ही चापट मारीत असूं. त्यानें चावणें तर सोडलें नाहींच, उलट हात पुढें केला कीं तो दबून बसूं लागला.

दुसरी चूक प्राणघातक ठरली. पशुवैद्यांनीं पहिली लस टोंचून दुसरीचा दिवस नेमून दिला होता. त्या दिवशीं पाऊस मुसळधार होता, आणि एक लस झालीच आहे या भरंवशावर आम्ही घरीं राहिलों. एक लस पुरत नाहीं, याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. आईच्या पहिल्या दुधांतून पिलास जी प्रतिकारशक्ति मिळते, ती कांहीं आठवडे टिकते, व ती असेपर्यंत लशीचा गुण येऊं देत नाहीं. ती केव्हां ओसरेल हें प्रत्येक पिलांत निराळें. यास्तव सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुमारें सोळा आठवड्यांपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनीं लस पुन्हा द्यावी लागते. मोतीस तिसऱ्या महिन्यांत पार्व्हो झाला. वांत्या, रक्ताचे जुलाब, आणि पाण्याचा थेंबही पोटांत ठरेना. चौथ्या दिवशीं पहाटे तो गेला.

पार्व्होचा विषाणु जमिनींत महिनोगणती जिवंत राहतो, व साध्या साबणानें मरत नाहीं. म्हणून आम्ही फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें धुतली, मोतीचीं भांडीं व गोणपाट टाकून दिलें, आणि वर्षभर दुसरें पिलूं आणिलें नाहीं. मुलांनीं हट्ट पुष्कळ केला.

वाघ्या आला तो नऊ आठवड्यांचा. तीन ते सुमारें चौदा आठवडे या वयांत पिलूं जें शांतपणें पाहतें व ऐकतें, त्याचें भय त्यास पुढें सहसा वाटत नाहीं. पण याच दिवसांत त्याच्या लशी अपुऱ्या असतात. मग त्यास रस्त्यावर न्यावें कसें? आम्ही त्यास कापडी पिशवींत घालून, जमिनीस पाय लागूं न देतां, बाजारांतून हिंडविलें. सायकली, बँड, देवळांतील घंटा, काठी टेकीत चालणारे वृद्ध, सर्व त्यानें पिशवींतूनच पाहिलें. लोक हंसले, हंसूं दिले.

शिकवितांना मारणें अजिबात सोडलें. वाघ्या बसला कीं त्याच क्षणीं उकडलेल्या अंड्याचा तुकडा. क्षण चुकला तर बक्षीस व्यर्थ, आणि शिक्षा तर त्याहून व्यर्थ. तासाभरापूर्वीं कुरतडलेल्या चपलेबद्दल रागावल्यास कुत्र्यास केवळ आपला चेहरा भयंकर दिसतो, चप्पल नव्हे. कांदा, द्राक्षें, चॉकलेट व शिजविलेलीं हाडें मात्र बक्षीस म्हणूनही देऊं नयेत. पहिलीं तीन कुत्र्यास विषासमान आहेत, आणि शिजलेलें हाड तडकून त्याचे अणकुचीदार तुकडे आंतड्यांत रुततात.

पालकांस एक विनंती. पिसाळण्याच्या रोगाची लस पिलास तिसऱ्या महिन्यांत व पुन्हा वर्षानें द्यावी. तथापि कोणतेंही कुत्रें, घरचें पिलूं असलें तरी, मुलास चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन तत्काळ दवाखाना गांठावा. 1885 सालीं पाश्चरनें जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचविली, तेव्हांपासून हा उपाय मनुष्याच्या हातीं आहे. मात्र रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर त्याचा उपयोग बहुधा होत नाहीं. मुलें मार बसेल या भीतीनें चावा लपवितात, हें ध्यानांत असावें.

वाघ्याच्या सर्व लशी वेळेवर झाल्या. शेवटच्या दिवशींही पाऊस होता, व आम्ही भिजत गेलों. आतां तो दोन वर्षांचा आहे. पिशवींतून फिरवितांना उन्हाळा असल्यामुळें छत्री दाखविण्याचें तेवढें राहून गेलें. छत्री उघडली कीं तो अजून खाटेखालीं जातो.