चोवीस अंडी आणि मुंबईची हवा

२१ दिवस, ३७.५ अंश सेल्सिअस, पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. पंखा असलेल्या उबवणी मशीनच्या पेटीत कोंबडीचं पिल्लू निघायला एवढे आकडे सांभाळावे लागतात. अंधेरी-बोरिवलीचा हौशी ग्राहक मात्र मशीन घेताना पाहतो तो भलताच आकडा, तो म्हणजे त्यात अंडी मावतात किती.

हिशेब उलटा करावा. सहा कोंबड्या हव्यात, म्हणजे बारा पिल्लं निघायला हवीत. निम्मे कोंबडे निघणारच. घरगुती मशीनमध्ये ठेवलेल्या अंड्यांतून ६० टक्के पिल्लं मिळाली तर ते चांगलंच. मग २० अंडी लागतील, आणि २४ अंड्यांची पेटी पुरेशी होते. ५६ ची घेतली तर तिशीच्या पुढे पिल्लं होतील. त्यातले पंधरा-सोळा कोंबडे मुलुंडच्या सोसायटीत पहाटे आरवू लागले की पुढचं सांगायला नको.

खरी मेख आर्द्रतेत आहे. जुलैत मुंबईची हवा २८ अंश आणि ८५ टक्के धरू. हीच हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे ऐन पावसाळ्यात पहिले १८ दिवस पाणी जवळपास घालावंच लागत नाही. माहितीपत्रकावर भिस्त ठेवून पेटीतल्या पाण्याच्या दोन्ही पन्हळी भरल्या तर अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच मरतं. जानेवारीतल्या कोरड्या दुपारी तेच २८ अंश, पण आर्द्रता ४५ टक्के धरली, तर पेटीत जेमतेम २६ टक्के उरते. तेव्हा पाणी हवंच. म्हणून आर्द्रता दाखवणारं आणि बाहेरून पाणी घालता येणारं मशीन घ्यावं. झाकण उघडलं की सगळी वाफ निघून जाते. पडताळा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर घेता येतो. १८ व्या दिवसापर्यंत अंड्यांचं वजन १२-१३ टक्के घटायला हवं. दहा अंडी सुरुवातीला ५०० ग्रॅम भरली असतील तर तोवर ती ४४० च्या आसपास यावीत.

तापमानाच्या पडद्यावर विश्वास ठेवू नये. ३७.५ अंश म्हणजे ९९.५ फॅरेनहाइट, अंगात कणकण असलेल्या माणसाइतकं. त्यामुळे ताप मोजायचा घरातला तापमापक इथे पडताळ्याला चालतो. अंडी फिरवणारी मोटर असावी, पण १८ व्या दिवशी ती बंद करायची.

विजेचा खर्च किरकोळ आहे. सरासरी ४० वॉटने २१ दिवसांत साधारण २० युनिट जळतात. भीती वीज जाण्याची. उपनगरांत ती क्वचितच जाते, पण १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा काही भागांत ती यायला कित्येक तास लागले. तासाभराने अंडी बिघडत नाहीत; खुडूक कोंबडीही दाणे टिपायला रोज उठतेच. त्याहून जास्त वेळासाठी लहान इन्व्हर्टर पुरतो.

उरला प्रश्न अंड्यांचा. दुकानातल्या पोल्ट्रीच्या पांढऱ्या अंड्यांतून काहीच निघणार नाही, कारण पोल्ट्रीत कोंबडाच नसतो. केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेच्या देशातल्या चार विभागीय केंद्रांपैकी एक गोरेगावच्या आरे वसाहतीत आहे. मशीनचे पैसे भरण्याआधी उबवणीची अंडी आणि एक दिवसाची पिल्लं कधी मिळतात, याची चौकशी तिथे करावी. सहाच कोंबड्या हव्या असतील तर कदाचित मशीन लागणारही नाही.