अनुबंध-विकृती व शालेय साहाय्य

शैशवात सांभाळ करणाऱ्या व्यक्तीशी बालकाचा स्थिर भावनिक बंध न जुळल्यामुळे उद्‌भवणाऱ्या विकारांस ‘अनुबंध-विकृती’ म्हणतात. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–९०) यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या १९५१ च्या अहवालात मातृवियोगाच्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात दोन स्वतंत्र विकृती मानल्या आहेत : पहिलीत मूल दुःखातही कोणाजवळ सांत्वनासाठी जात नाही, दुसरीत ते परक्यांशीही निःसंकोच सलगी करते. तीव्र उपेक्षा, सांभाळणाऱ्यांचे वारंवार बदलणे आणि मोठ्या संस्थांतील संगोपन ही त्यांची कारणे होत. या विकृती क्वचितच आढळतात. त्यामुळे प्रत्येक हट्टी वा अबोल मुलास ही संज्ञा लावणे अयोग्य असून निदान तज्ज्ञानेच करावयाचे असते.

शाळेत अशा मुलाचे वर्तन अवज्ञेसारखे भासते. मदत नाकारणे, शिक्षक बदलताच बिथरणे, चूक दाखविताच संतापणे या गोष्टींमागे पुष्कळदा ‘मोठ्यांवर विसंबता येत नाही’ हा पूर्वानुभव असतो. वर्गाबाहेर काढण्याची शिक्षा तोच अनुभव दृढ करते.

लंडनमध्ये मार्जोरी बॉक्सॉल या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ महिलेने १९७० च्या सुमारास शाळांतून ‘संगोपन-गट’ सुरू केले. अशा गटात सुमारे दहा-बारा मुले, एक शिक्षक व एक साहाय्यक असतात. घरासारखी मांडणी, एकत्र न्याहारी व ठरलेला दिनक्रम ही त्याची वैशिष्ट्ये होत. मुलाचा मूळ वर्गाशी संबंध कायम राहतो व काही सत्रांनंतर ते तेथे पूर्णवेळ परतते.

सर्वसाधारण वर्गातही हीच तत्त्वे उपयुक्त ठरतात. मुलाची विचारपूस एका ठरावीक शिक्षकाकडे असावी. त्याची रजा, बदली वा शाळेची सुटी यांची पूर्वसूचना मुलास द्यावी. मर्यादा ठाम परंतु शांतपणे सांगाव्यात आणि प्रसंग निवळल्यावर शिक्षकाने स्वतः पुढाकार घेऊन संबंध पूर्ववत करावेत. मुलास बळजबरीने धरून ठेवण्याचे तथाकथित उपचार घातक असून ते सर्वस्वी त्याज्य होत.

बूकारेस्ट येथील अनाथालयांतील मुलांवर २००० पासून झालेल्या संशोधनात, दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात गेलेल्या मुलांत सुरक्षित अनुबंध अधिक प्रमाणात आढळला. यावरून शाळा कुटुंबाची उणीव पूर्णतः भरून काढू शकत नाही, हे उघड आहे. तथापि रोज त्याच वेळी, त्याच जागी भेटणारा विश्वासू शिक्षक ती देऊ शकते.