नागलीची भाकर आणि घरी परतलेला रुग्ण

रुग्णालयातून घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हाती औषधांच्या चिठ्ठीबरोबर पथ्याचा एक कागद दिला जातो. औषधे बहुधा नियमाने घेतली जातात. पथ्याचा कागद मात्र आठवड्याभरात फ्रीजच्या डोक्यावर जाऊन विसावतो. यात नातेवाइकांची अनास्था असते असे म्हणता येणार नाही. खर्च करण्याची आणि कष्ट घेण्याची त्यांची पूर्ण तयारी असते. परंतु 'सकस आहार' हे शब्द ऐकताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डबाबंद पावडर, महागडे परदेशी फळ किंवा जाहिरातीतले एखादे पेय उभे राहते. आहार विभागात सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न 'कोणती पावडर द्यावी?' हाच असतो. रुग्ण आमच्याकडे राहतो चार-आठ दिवस. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्तक्षय घेऊन त्याला जगावयाचे असते ते पुढची वीस-तीस वर्षे, आणि तेही स्वतःच्या घरच्या ताटावर. म्हणून त्या ताटाचा विचार सविस्तर करावा, आणि तो आपल्याच जिल्ह्यातील एका धान्याच्या निमित्ताने करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

ते धान्य म्हणजे नागली. पुण्या-मुंबईकडे आणि कोकणात तिला नाचणी म्हणतात; नाशिक आणि डांगच्या पट्ट्यात ती नागलीच. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या पश्चिमेकडील तालुक्यांत, जेथे पाऊस धो-धो पडतो पण माती पातळ आणि जमीन उताराची असते, तेथे नागली आणि वरई ही पिके पिढ्यान्‌पिढ्या घेतली जात आहेत. जून महिन्यात रोपे तयार करावयाची, पाऊस स्थिरावल्यावर डोंगरउतारावर लावणी करावयाची आणि दिवाळीच्या सुमारास कणसे खुडावयाची, असा हा क्रम. ओलिताची गरज नाही, आणि दाणा इतका बारीक व टणक की त्याला सहसा कीड लागत नाही. कोरड्या जागी ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. दुष्काळाच्या काळात हे धान्य कोठारात शिल्लक राहिले म्हणून माणसे तगली, हे डोंगराळ भागातील वृद्ध आजही सांगतात.

आता तिच्या गुणांविषयी. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांतील घटकांची कोष्टके नव्याने प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गव्हात ते सुमारे ४० मिलिग्रॅम, तर पॉलिश केलेल्या तांदळात १० मिलिग्रॅमहूनही कमी भरते. एका भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर एका भाकरीतून १८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पोटात जाते. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज १००० मिलिग्रॅम मानली जाते. दूध न पचणाऱ्या किंवा न परवडणाऱ्या घरांच्या दृष्टीने, पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होऊ लागलेल्या स्त्रियांच्या दृष्टीने, ही गोष्ट मोलाची आहे. तंतुमय पदार्थ तिच्यात तांदळाच्या जवळजवळ चौपट असतात. प्रथिने मात्र गव्हाहून कमी, १०० ग्रॅममागे ७ ग्रॅमच्या आसपास. ही उणीव डाळीने भरून काढावी लागते. सुरगाण्या-पेठेकडे नागलीच्या भाकरीबरोबर उडदाचे वरण खाण्याची रीत आहे. धान्यातील प्रथिनांत जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी असते ते धान्यात, हे आहारशास्त्राने पुढे सांगितले. ताटाने ते आधीच जमवून ठेवले होते.

लोहाच्या बाबतीत मात्र थोडे सावधपणे बोलावयास हवे. 'नागली खा, रक्त वाढेल' हे वाक्य सर्रास ऐकू येते. १०० ग्रॅम नागलीत साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. बाजरीत ते सहा मिलिग्रॅमहून अधिक असते. शिवाय नागलीतील फायटेट आणि टॅनिन ही द्रव्ये लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे असलेले लोहही पूर्णपणे अंगी लागत नाही. त्यावर उपाय घरगुतीच आहेत. नागली रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत वाळवावी, मंद भाजावी आणि मग दळावी. मोड आल्याने ही द्रव्ये कमी होतात. जेवणात लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असावा, कारण क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. आणि जेवणानंतर लगेच घेतला जाणारा चहा तास-दीड तास पुढे ढकलावा. हा शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त, आणि आमच्या अनुभवात रुग्णांना सर्वांत जड जाणारा! एवढे करूनही हिमोग्लोबिन फार खाली गेलेल्या रुग्णाला भाकरी पुरी पडत नाही. त्याला लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात आणि रक्त का कमी झाले याचा शोधही घ्यावा लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते.

मधुमेही रुग्णांच्या घरी नागलीला आज औषधाचे स्थान मिळाले आहे आणि तेथेही खुलासा आवश्यक आहे. नागलीत पिष्ट पदार्थ भरपूर असतात. तिची भाकरी पालेभाजी, वरण आणि काकडीबरोबर चावून खाल्ली तर साखर हळूहळू वाढते; त्याच पिठाची गुळगुळीत पेज किंवा आंबील भांडेभर प्यायली, त्यात गूळ घातला, तर ती झपाट्याने वाढते. धान्य तेच, परिणाम निराळा. वृद्धांना दात नसतात म्हणून पेज द्यावी लागते, हे खरे. अशा वेळी ती ताकातली, बिनगुळाची आणि वाटीभरच असावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात धान्य २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम असाव्यात असे सांगितले आहे. आपल्या ताटात हे प्रमाण नेमके उलटे असते. नुसते गव्हाच्या जागी नागली आणून ते सुलटे होत नाही. पोळ्यांची चळत कमी व्हावी लागते आणि भाजीची वाटी मोठी. प्रथिनांच्या पावडरी घेऊ नयेत, असेही त्याच सूत्रांत म्हटले आहे. 'कोणती पावडर द्यावी?' या प्रश्नाला याहून अधिक अधिकारी उत्तर आम्हांस देता येणार नाही.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. त्यानंतर दुकानांच्या फळ्या नागलीच्या मालाने भरल्या, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु पुडक्यावर नाव नागलीचे आणि आत मैदा, साखर व पामतेल असा प्रकार पुष्कळ दिसतो. पुडक्यामागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. नागलीचे नाव त्यात तिसरे-चौथे असेल तर ते बिस्कीट नागलीचे नव्हे. नागलीच्या पापडाचेही तसेच. नाशिककरांना पापड प्रिय, आणि आजीच्या हातचा तर फारच. पण त्यात मीठही असते आणि पापडखारही. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, मीठ सांगितले आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने पापड खाऊन नागली खाल्ल्याचे समाधान मानू नये.

नागलीची सोबतीण वरई. तिचे टरफल काढले की ती भगर होते, आणि नाशिकच्या घराघरांत एकादशीला, महाशिवरात्रीला आणि नवरात्रात शिजते. या दिवसांत राज्यात ठिकठिकाणी भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात आणि उलट्या, चक्कर, थरथर अशा तक्रारी घेऊन माणसे रुग्णालयांत दाखल होतात. दोष बहुधा धान्याचा नसतो, साठवणुकीचा असतो. ओलसर जागी राहिलेल्या भगरीवर, विशेषतः तिच्या पिठावर, बुरशी धरते आणि बुरशीतून विषारी द्रव्ये तयार होतात. ती शिजवल्यानेही पूर्णपणे नाहीशी होत नाहीत. म्हणून सुटे पीठ आणू नये. तारीख छापलेली, बंद पुडक्यातील भगर आणावी, निवडून-धुऊन घ्यावी, आणि पीठ हवे असल्यास लागेल तेवढेच घरी दळावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता उपास धरू नये, हे येथेच सांगितलेले बरे. त्यांच्या बाबतीत उपाशी राहण्यातला धोका भगरीतल्या धोक्याहून मोठा आहे.

हे सारे शहरातील रुग्णाविषयी झाले. ज्यांच्या शेतात नागली पिकते त्यांच्या ताटाकडे पाहिले तर चित्र फारसे सुखद नाही. रेशनवर वर्षानुवर्षे मिळत आला तो प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे दर ठरले होते, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. तथापि भरडधान्याचा वाटा नाममात्रच राहिला. त्याने भूक भागली हे नाकारता येणार नाही. मात्र हलके, विनामूल्य मिळणारे तांदूळ घरात आल्यावर उतारावरची कष्टाची नागली कोण लावणार? सुगी संपली की पेठ-सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस उतरतात. मुले सोबत असतात आणि ताटात असतो भात. त्यांतील अशक्त गर्भवती स्त्रियांना 'नागली खा' असे सांगताना मनात संकोच होतो. शहरातील ग्राहकाने नागलीला रास्त भाव दिला तर ती पुन्हा लावली जाईल आणि थोडी घरातही राहील, अशी आशा बाळगता येते. पण मागणी वाढल्याने सगळीच विकली जाण्याचा संभवही तितकाच आहे. यावर बाजारापेक्षा अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आहारात नागली नियमित देणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे, असे आमचे मत आहे.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही या धान्याकडे पाहावयास हवे. नाशिक शहराच्या पाण्याचा मोठा भाग १९६५ साली पूर्ण झालेल्या गंगापूर धरणातून येतो, आणि त्या धरणात उतरणारे पाणी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांवरून येते. तेथल्या उतारावर काय लावले जाते, कोणती औषधे फवारली जातात आणि किती माती वाहून जाते, याचा आपल्या नळाशी सरळ संबंध आहे. नागलीला रासायनिक खते व फवारण्या फारच थोड्या लागतात. पण तिची परंपरागत पद्धत सर्वस्वी निर्दोष आहे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. रोपवाटिकेची जागा शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या पसरून जाळली जाते, याला राब भाजणे म्हणतात. त्यासाठी दरवर्षी झाडे खरडली जातात, आणि तीव्र उतारावर बांध नसेल तर मातीही जाते. बांधबंदिस्ती, गादीवाफ्यावर रोपे आणि कंपोस्टचा वापर हे त्यावरचे उपाय आहेत. इगतपुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे. शेती करणाऱ्या आमच्या रुग्णांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी तेथे अवश्य चौकशी करावी.

शहरातील घराच्या हाती असलेले काम याहून सोपे आहे. धान्य सुटे, कापडी पिशवीतून आणावे. घरच्या कार्यात पळसाच्या पत्रावळी वापराव्यात. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात मार्च २०१८ पासूनच बंदी आहे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये आणि मोरीतही ओतू नये. भाजीची देठे-साले कुंडीत जिरवावीत. यांपैकी एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत.

राहता राहिली ती भाकरी थापण्याची तक्रार. 'मोडते हो, जमत नाही,' असे सुना-मुली सांगतात, आणि ते खरे आहे; नागलीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. जितके पीठ तितकेच पाणी चिमूटभर मीठ घालून उकळावे, आच बंद करून त्यात पीठ टाकावे, ढवळून दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि कोमट असतानाच ओल्या हाताने चांगले मळावे. अशा उकडीची भाकरी मोडत नाही. सुरुवातीस निम्मे ज्वारीचे पीठ मिसळल्यास आणखी सोपे जाते, आणि चवीची सवय नसलेल्या मुलांनाही ती चालते. मूत्रपिंडाच्या विकाराच्या रुग्णांना पोटॅशियम व फॉस्फरस मोजून घ्यावे लागते आणि मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांचे पथ्य वेगळे असते. अशांनी नागली सुरू करण्यापूर्वी आपला पथ्याचा कागद घेऊन आहार विभागात यावे. येताना घरातील स्वयंपाक जी व्यक्ती करते तिला सोबत आणावे.