चॉकलेटच्या गावातील अस्वले

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान आणि चेंडू उभा राहतो. उत्तर अमेरिकेत मात्र या नावाने बर्फावरचा खेळच ओळखला जातो. बंदिस्त प्रेक्षागारात, गोठवलेल्या पृष्ठभागावर, पोलादी पाती लावलेले बूट घालून दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू रबराची एक कठीण चकती प्रतिपक्षाच्या जाळ्यात धाडण्यासाठी झुंजतात. या खेळातील सर्वोच्च स्पर्धा नॅशनल हॉकी लीग ही होय. अमेरिकन हॉकी लीग तिच्या एक पायरी खाली आहे. या खालच्या पायरीवरील संघ वरच्या संघांशी करारबद्ध असतात. तरुण खेळाडू येथे घडतात आणि तयार झाले की, ऐन मोसमातसुद्धा, वरून बोलावणे येऊन निघून जातात. ज्याच्यावर प्रेक्षकांनी जीव लावावा, तोच आधी जायचा! संघांचे आयुष्यही असेच बेभरवशाचे असते. मालक बदलतो, संघ परगावी जातो, नाही तर बंदच पडतो. अशा या लीगमध्ये १९३८ सालापासून एकाच गावात अखंड खेळत आलेला संघ म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्यातील 'हर्शी बेअर्स'. तो का टिकला, हे समजण्यासाठी आधी ते गाव समजून घ्यावे लागते.

मिल्टन हर्शी या मिठाई उत्पादकाने आपल्या जन्मगावाजवळच्या दूधदुभत्याच्या मुलखात १९०३ साली चॉकलेटच्या कारखान्याचा पाया घातला आणि त्याच्याभोवती कामगारांसाठी गाव वसवले. घरे, बाग, नाट्यगृह सारे त्यानेच उभारले. या दांपत्याला मूल नव्हते. १९०९ साली त्यांनी अनाथ मुलांसाठी शाळा काढली, आणि पत्नीच्या निधनानंतर, १९१८ साली, हर्शीने कंपनीतील आपले भाग त्या शाळेच्या विश्वस्त निधीला देऊन टाकले. गावाची नाडी तेव्हापासून या निधीच्या हाती आहे.

गावात १९३२ साली संघ उभा राहिला, त्याचे नाव मोठे मजेदार होते. इंग्रजीत अस्वलाला 'बेअर' म्हणतात आणि चॉकलेटच्या वडीला 'बार'. या दोन शब्दांची सांगड घालून संघाला 'बार्स' म्हटले गेले. हे नाव म्हणजे उघडउघड जाहिरात आहे अशी टीका झाली, तेव्हा १९३६ साली त्याचे 'बेअर्स' करण्यात आले.

त्याच वर्षी संघाला नवे प्रेक्षागार मिळाले. आर्थिक मंदीने अमेरिकेत लाखो लोक बेकार झाले असताना हर्शीने गावात बांधकामांचा धडाका लावला होता, आणि हे प्रेक्षागार त्यांतलेच एक. अभियंता अँटन टेडेस्को याने त्यावर काँक्रीटचे अवघे काही इंच जाडीचे कमानदार छत घातले. आत एकही खांब नसल्याने सुमारे सात हजार प्रेक्षकांना बर्फाचे मैदान विनाअडथळा दिसे. बांधणारे मजूर बहुतांशी स्थानिकच होते. तथापि, या उदारतेलाही दुसरी बाजू होती. पुढच्याच वर्षी, १९३७ च्या एप्रिलमध्ये, कारखान्यातील कामगारांनी आत ठाण मांडून संप केला. तेव्हा दूध पुरवणारे शेतकरी आणि मालकाशी एकनिष्ठ असलेले कामगार यांनी संपकऱ्यांना मारहाण करून बाहेर काढले. ज्या गावात सर्वच गोष्टी एका हाताने दिलेल्या असतात, तेथे त्या हाताविरुद्ध उभे राहणे सोपे नसते.

एक दाता पाठीशी असण्याचा लाभ संघाला कसा झाला, हे पिट्सबर्गशी तुलना केल्यास ध्यानात येते. १९५६ साली त्या मोठ्या शहरातील जुने प्रेक्षागार पाडले गेले आणि तेथील संघ उघड्यावर पडला. त्यातील अनुभवी बचावपटू फ्रँक मॅथर्स हर्शीला आला, तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने. त्याच्या प्रशिक्षणाखाली संघाने लीगचा सर्वोच्च चषक, 'कॅल्डर कप', १९५८, १९५९ आणि १९६९ या वर्षी जिंकला. पुढे व्यवस्थापक म्हणून तो १९९१ पर्यंत संघाची धुरा वाहत राहिला. १९८८ साली तर बेअर्सनी बाद फेरीचे बाराच्या बारा सामने जिंकून चषक मिळवला. या काळात वरचे पालक संघ बदलत राहिले, खेळाडू आले नि गेले, पण मॅथर्स गावातच राहिला. माझ्या मते संघाचे सातत्य त्याच्या रूपाने जितके दिसते, तितके चषकांच्या यादीतून दिसत नाही.

२००२ साली मात्र गावाचाच पाया हलला. विश्वस्तांनी चॉकलेट कंपनी विकण्याचा घाट घातला. गावकरी, कामगार आणि शाळेचे माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, न्यायालयाने मनाई केली आणि सप्टेंबरमध्ये विक्रीचा बेत सोडून देण्यात आला. त्यानंतर काही आठवड्यांतच बेअर्स नव्या, सुमारे साडेदहा हजार आसनांच्या प्रेक्षागारात खेळू लागले. त्याला एका किराणा दुकानांच्या साखळीचे नाव आहे. चॉकलेटच्या वडीवरून १९३६ साली उठलेली कुरकुर आठवली, की गंमत वाटते.

संघाची मालकी आजही त्या शाळेच्या विश्वस्त निधीच्याच एका कंपनीकडे आहे. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे चषक जिंकून बेअर्सनी आपली संख्या तेरावर नेली. लीगमध्ये इतके चषक दुसऱ्या कोणाकडेही नाहीत. दरवर्षी एका ठरलेल्या सामन्यात संघाचा पहिला गोल होताच प्रेक्षक बर्फावर कापसाची अस्वले आणि इतर मऊ खेळणी फेकतात. ती गोळा करून परिसरातील सेवाभावी संस्थांमार्फत वाटली जातात. ५ जानेवारी २०२५ रोजी अशी १,०२,३४३ खेळणी मोजली गेली, आणि ती उचलून होईपर्यंत सामना थांबून राहिला.