शेवट आधीच माहीत असतो, तरी टीनएज रॉमकॉम आपण का बघतो?

टीनएज रॉमकॉम लावला की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच कळतं, शेवटी कोण कोणाचं होणार. तरीही आपण जागचे हलत नाही. मग बघण्यासारखं उरतं तरी काय?

नेटफ्लिक्सवर ऑगस्ट २०१८ मध्ये आलेला ‘टू ऑल द बॉईज आय हॅव लव्ह्ड बिफोर’ घ्या. जेनी हॅन यांच्या २०१४ च्या कादंबरीवर तो बेतलाय. सोळा वर्षांची लारा जीन आवडलेल्या मुलाला पत्र लिहिते आणि ते डब्यात लपवून ठेवते. अशी पाच पत्रं. एक दिवस ती पाचही पोस्टात पडतात. त्यातलं एक नेमकं बहिणीच्या एक्स बॉयफ्रेंडला! त्याला टाळायला ती पीटर नावाच्या मुलासोबत प्रेमाचं नाटक करते. पुढे काय होतं, ते सांगायची गरज नाही.

धोका छोटा, धडधड मोठी

या गोष्टीत वाईटात वाईट काय होऊ शकतं? लाज जाईल, शाळेत चर्चा होईल. पण सोळाव्या वर्षी तेच जगबुडीसारखं वाटतं आणि सिनेमा त्या वाटण्याची टिंगल करत नाही. मोठेपणी बघताना आपल्याला हसू येतं, कारण गोष्ट किती छोटी आहे ते आता कळतं. आणि पोटात कालवतं, कारण तेव्हा ती किती मोठी होती ते आठवतं.

शेवट माहीत असतो, म्हणूनच मजा

‘काय होणार’ याची काळजी मिटली की सगळं लक्ष ‘कसं होणार’ याकडे जातं. लारा जीन आणि पीटर नाटकाचे नियम चक्क कागदावर लिहून काढतात. किस करायचं नाही, हा त्यातला एक. त्यामुळे नुसता हात लागला तरी तो प्रसंग होतो.

पण हा हलकेपणा कुणाच्या वाट्याला येतो?

लारा जीनची दिवंगत आई कोरियन वंशाची. सिनेमा करू पाहणाऱ्या बहुतेक निर्मात्यांना नायिका गोरी हवी होती, हे जेनी हॅन यांनी स्वतः लिहिलंय. त्या अडून बसल्या आणि लाना कॉन्डोर ही आशियाई वंशाची अभिनेत्री नायिका झाली. अमेरिकेत आशियाई चेहऱ्याच्या मुलीला साधं प्रेमात पडायला मिळणं, हीसुद्धा मोठी गोष्ट होती.

आपल्याकडे २०१४ च्या ‘टाईमपास’मध्ये दगडू आणि प्राजक्ता वेगवेगळ्या थरांतले. घरचा विरोध आहे, रडारड आहे, पण जिवावर बेतत नाही. २०१६ च्या ‘सैराट’चा पूर्वार्धही असाच हसतखेळत जातो. चोरून बघणं, मित्रांची मदत, गाणी. मग मधे जात येते. शेवटी दोघांचाही खून होतो.

टीनएज रॉमकॉम आपल्याला गुपचूप एक हमी देतो: इथे प्रेम केल्याबद्दल कुणी मरणार नाही. ‘सैराट’ बघितलेल्या प्रेक्षकाला त्या हमीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.