बुचातल्या रिकाम्या खोल्या

रॉबर्ट हूकने चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावून बुचाचा अगदी पातळ काप काढला. काप पांढरट, म्हणून तो काळ्या पट्टीवर ठेवला आणि बहिर्गोल भिंगाने त्यावर उजेड पाडला. सूक्ष्मदर्शकातून दिसली पोळ्यासारखी जाळी! १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ ग्रंथात त्याने या कप्प्यांना ‘सेल’ म्हटले. आपण पेशी म्हणतो. एका घनइंचात त्याच्या हिशेबाने सव्वाशे कोटींहून अधिक.

कप्पे रिकामे होते, कारण बूच म्हणजे ओकच्या सालीचा मृत थर. जिवंत सूक्ष्मजीव पुढच्या दशकात डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक याने एकाच भिंगातून पाहिले.

कांद्याची पेशी पाहायची असेल, तर पापुद्रा असाच पातळ, एकपदरी घ्या. सुरुवात सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाने करा.